सुलूवैनीचं रक्त काय म्हणालं

यंदा काजूला मोहोर उशिरा आला. त्यामुळे चैत्र लागला तरी झाडांवर एका फांदीला मोहोर आणि दुसरीला पिकले बोंडू, म्हणजे काजूची फळं, असा सगळा गोंधळ चालू आहे. सकाळी खिडकी उघडली की आधी वास आत येतो आणि मग उजेड. गोडसर, जरा तुरट, नाकात ठाण मांडून बसणारा वास. इथे इन्सुलीला माझं घर हायवेच्या कडेला आहे. नाक्यावर ट्रक तपासणीला थांबतात, त्यांच्या धुरालासुद्धा हा वास दाद देत नाही. परमुलखातले ड्रायव्हर खाली उतरतात, आळस देतात आणि चहावाल्याला विचारतात, कसला वास हो हा? "काजूचो," तो म्हणतो आणि गाळणं आपटतो. त्यांच्यापुरती गोष्ट तिथे संपते. माझा मात्र हा वास आला की जीव थाऱ्यावर राहत नाही, आणि सांगायला शेजारी कोणी नसतं म्हणून मी तो तसाच घेऊन कामाला जाते.

आज कामालाही गेले नाही. रजा टाकली. आज सुलूवैनीकडे जायचं आहे. तिच्या एका प्रश्नाचं उत्तर काल संध्याकाळी आलंय, समुद्रापलीकडून, माझ्याबरोबर काम करणाऱ्या लुसियाच्या फोनवरून. ते तिला सांगायचं. एवढंच काम. त्यासाठी मी सकाळपासून दोनदा चहा केला, तुळशीला नको इतकं पाणी घातलं, स्कूटरची काच पुसली. कर्म माझं! म्हशीचं अडलेलं रेडकू ओढून काढायला मी कधी एवढा वेळ लावला नाही.

मी ढोरांची डॉक्टर. पाटीवर पदाचं नाव बरंच लांबलचक आहे, पण गावात मी "ढोरांची डॉक्टरीण". घर मालवणचं, बंदराच्या वरच्या आळीतलं. त्याला माहेर म्हणत नाही, कारण माहेर म्हणायला आधी सासर लागतं. ते राहूनच गेलं. "म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालणाऱ्या बायक कोण मागणी घालतलो?" असं आमच्या मावशीनं एका लग्नात, भर पंगतीत, सगळ्यांदेखत विचारलं होतं. मी म्हटलं, मावशी, म्हैस निदान लाथ मारायच्या आधी इशारा तरी देते. सगळी पंगत हसली, मीही हसले. आता मावशी नाही, पंगतीतले निम्मे मुंबईला. कधी कधी वाटतं, टोमणे मारायला तरी कोणीतरी असावं.

सुलूवैनीचं घर इथून जवळच, हायवे सोडून आत गेलं की वाडी लागते तिथे. मागे डोंगराच्या उताराला त्यांची काजूची बाग. ती आणि तिचे यजमान, विश्रामदादा, दोघं मिळून काजू वेचायचे. पुढे दादा काठीनं पातेरा, म्हणजे झाडाखालचा वाळका पाला, बाजूला सारणार, मागून वैनी बोंडू उचलून बी पिळून काढणार. बोलायचे नाहीत फारसे. मी त्यांच्या गायीला बघायला जायचे तेव्हा ऐकू यायची ती फक्त पाल्याची खसखस आणि मध्येच दादांचं, "गो, हयसर बघ, हयसर रवली." राहिली ती एखादी बी. वैनी वाकून उचलायची. लग्न झालेल्या माणसांना हे असं एका झाडाखाली गप्प राहता येतं, याचा मला फार हेवा वाटायचा. अजून वाटतो.

मग ते तापाचं साल आलं.

आधी माकडं मरायला लागली. काजूच्या बागेत, पाणवठ्यावर, एखादं घराच्या मागच्या पडवीत येऊन टेकलेलं. आमच्याकडे मेलेलं माकड असंच उचलून फेकत नाहीत. मारुतीचा वंश तो. त्याला नव्या फडक्यात गुंडाळायचं, हळदकुंकू लावायचं, खड्डा खणून पुरायचं, वर नारळ ठेवायचा, आणि घरी येऊन डोक्यावरून आंघोळ करायची. घरचं माणूस गेल्यासारखं सगळं. विश्रामदादांना बागेत माकड सापडलं तेव्हा त्यांनी मला फोनही केला होता. मी दुसऱ्या टोकाच्या गावात एका गाभण म्हशीपाशी होते. मी पोचेपर्यंत सगळं यथासांग झालेलं. वैनीनं माकडाला फडक्यात गुंडाळलं, दादांनी खांद्यावर घेतलं, दोघांनी मिळून माती लोटली.

आता आम्हाला ठाऊक आहे की माकडाचं अंग थंड पडलं की त्यावरचा गोचीड ते अंग सोडतो आणि जवळचं गरम अंग शोधतो. रानातला हा गोचीड म्हशीच्या अंगावरच्यासारखा वाटाण्याएवढा नसतो, मोहरीहून बारीक असतो. चावला तरी कळत नाही. त्याच्यातून माकडाचा ताप माणसात येतो. तेव्हा आमच्या वाडीत हे कोणाला ठाऊक नव्हतं. दादांना ताप भरला, सगळे म्हणाले ऊन लागलं. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं. गोव्यातल्या इस्पितळात नेलं. वैनी त्यांच्या उशाशी बसून होती. शिमग्याची ढोलकी गावात वाजायला लागली त्याच्या आधी दादा गेले.

वैनीला काही झालं नाही. एकाच बागेत वेचणारी दोघं, एकाच माकडाला हात लावलेली दोघं. दादा गेले आणि ही ठणठणीत. लोकांच्या तोंडाला काय, आडोसा असतो काय? "बायलेचा नशीब दांडगा," कोणीतरी म्हणालं. म्हणण्याची तऱ्हा अशी, की त्यात कौतुक कमी आणि बाकी बरंच काही जास्त. वैनीनं ते ऐकलं. पण लोकांपेक्षा तिनं स्वतःला जास्त छळलं. गायीला औषध पाजायला गेले होते तेव्हा तिनं दावं धरून ठेवलं आणि मला विचारलं, "बाय, माकडाक फडक्यात मी गुंडाळलंय. मगे ताप तेंकाच कसो इलो? देवान तेंका न्हेल्यान, माका कित्याक ठेवल्यान?"

मी ढोरांची डॉक्टर. गायीच्या घशात बाटली रिकामी केली आणि म्हटलं, "बघुया." आमच्या खात्यात शिकवलेला हा सगळ्यात उपयोगी शब्द आहे.

पुढच्या काही वर्षांत या तापामागे बरेच लोक लागले. रानाचं खातं वेगळं, जनावरांचं वेगळं, माणसांच्या दवाखान्याचं वेगळं. एकदा तर मेलेलं माकड नेमकं कोणाच्या अखत्यारीतलं, यावर उन्हात उभं राहून आमचा निम्मा दिवस वाद झाला आणि तोवर माकडाला मुंग्या लागल्या. अशात गोव्यातल्या एका परिषदेत मला लुसिया भेटली. ब्राझीलची. तिच्याकडेही रानात माकडं मरतात, निराळ्या तापानं, आणि मग माणसं आजारी पडतात. ती म्हणाली, आमच्याकडे लोकांना वाटतं ताप माकडंच आणतात, म्हणून लोक माकडांना मारतात. मी म्हटलं, आमच्याकडे लोक त्यांना खांद्यावरून नेऊन पुरतात. आम्ही दोघी चहाचे कप हातात धरून उभ्या होतो. तिकडे मारतात, इकडे पुजतात, आणि ताप दोन्हीकडे. रान, जनावर आणि माणूस या तिघांची तब्येत एकच, हे परिषदेत व्यासपीठावरून सगळेच सांगत होते. पण मला ते पटलं ते त्या चहाच्या वेळी.

तिथून ते सुरू झालं. लुसिया, उत्तरेकडच्या एका थंड देशातला योहान नावाचा उंच शास्त्रज्ञ, आमच्याच देशातली एक मोठी प्रयोगशाळा, आणि या टोकाला मी. त्याला "भागीदारी" म्हणायचे. मला त्या शब्दाची गंमत वाटे. आमच्याकडे जमीन अर्धेलीनं कसायला देतात. पिकाचे दोन वाटे, एक जमीनवाल्याचा, एक कसणाऱ्याचा, मळ्यातच वाटून घ्यायचे. मी योहानला विचारलं होतं, इथे पीक काय आणि वाटे कुठे करायचे? तो म्हणाला, पीक म्हणजे ज्ञान. मी म्हटलं, बरं, मग वाटा मळ्यातच होऊ दे. तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

योहान आणि लुसिया गावात आले ते असेच काजूचे दिवस होते. मी आज एवढी कासावीस झाले आहे ती त्याच दिवसांपायी.

लुसियानं गाडीतून उतरल्या उतरल्या काजूचं झाड बघितलं आणि धावत जाऊन त्याच्या बुंध्याला हात लावला. "काजू!" ती ओरडली. तिच्या भाषेतही तोच शब्द. झाड मुळात तिकडचंच, पोर्तुगीजांनी इकडे आणलेलं. ती बोंडू तोडून तिथेच चोखायला लागली, रस पांढऱ्या सदऱ्यावर ओघळला. वैनी लांबून ओरडली, "गो बाय, तो डाग जावचो नाय!" डाग खरंच गेला नाही. लुसिया घरापासून इतक्या लांब आली आणि पहिल्याच झाडाशी तिची ओळख निघाली. मी तर इथलीच, पण त्या क्षणी मला ती माझ्यापेक्षा जास्त घरी आल्यासारखी वाटली.

गावाची संमती घ्यायची होती. योहाननं कागद मराठीत करून आणले होते, स्वच्छ, शुद्ध. गावच्या मानकऱ्यांनी, दाजी गावकरांनी, ते आदरानं हातात घेतले आणि बाजूला ठेवले. "सही करतलंव. पण पयली तिका इचारूक होया." तिला म्हणजे ग्रामदेवी सातेरीला. आमच्याकडे गावाची कामं कौल घेतल्याशिवाय होत नाहीत. गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावतो. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही, आणि पडेपर्यंत सगळ्यांनी बसून राहायचं. देवळात सारवणाचा गारवा, तेलाच्या समईचा वास, बाहेर कवड्या होल्याचं घुमणं. योहाननं हळूच विचारलं, साधारण किती वेळ लागतो? मी म्हटलं, तिच्या मनात येईल तेवढा. त्यानं घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं ते जवळजवळ जेवणवेळेला. लुसिया मात्र खांबाला टेकून अशी बसली होती, जशी काही तिच्याकडेही कागदांचा निकाल असाच लागतो.

उजवी पाकळी पडली. मग दाजी उठले आणि हात जोडून त्यांनी गावाच्या वतीनं देवीला गाऱ्हाणं घातलं.

"बा देवी सातेरी, आज ही परमुलखातली माणसां तुज्या दारात इली आसत!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव.

"रानात फिरतत, सापकिरडापासना तेंका राख!"

"व्हय म्हाराजा!"

"आमचा रगत घेवन जातत, तर ज्याचा रगत तेका तेचो जाब मिळाक होयो! तोंडार सांगूक होयो!"

"व्हय म्हाराजा!" गाव ओरडला, मी ओरडले, आणि आमच्याबरोबर योहान आणि लुसियाही ओरडले. योहानचा आवाज तर सगळ्यांत खणखणीत. मग साखरखोबरं वाटलं. ज्याचं रक्त त्याला त्याचं उत्तर तोंडावर द्यायचं, असा शब्द आम्ही देवीसमोर दिला होता. त्या दोघांना ते ठाऊक नव्हतं, एवढंच.

रक्त द्यायला पहिली पुढे आली सुलूवैनी. नर्सनं दंडाला पट्टा बांधला तेव्हा दुसरा हात तिनं माझ्या हातात दिला. चिकानं काळी पडलेली बोटं, चरचरीत. नळीत रक्त चढताना तिनं ते टक लावून बघितलं. "ह्या बोलतला?" तिनं विचारलं.

"बोलतला," मी म्हटलं.

"मगे तेका ताच इचार. मी कशी रवलंय ता."

ते दिवस फार चांगले होते. काय सांगू! रोज सकाळी आम्ही पांढरं फ्लॅनेलचं कापड पातेऱ्यावरून ओढत रानात फिरायचो, म्हणजे गोचीड त्याला चिकटतात. बाया हसून हसून बेजार. "मेल्यानु, रानात केर काढतास काय?" संध्याकाळी माझ्या या खोलीत सगळे जमायचे. दाराशी चार-सहा चपलांची गर्दी. योहान सोलकढी पिताना डोळे मिटून घ्यायचा, लुसिया ओल्या काजूची उसळ शिकली आणि स्वतःच्या हातानं बिघडवली. कोणीतरी न्हाणीत गुणगुणतंय, कोणीतरी माझाच टॉवेल वापरलाय, कोणीतरी विचारतंय आज उशीर का झाला. मी चिडायचे. मला घरात माणसांची सवय नव्हती, मी वाट्टेल तशी चिडायचे. आणि मनातून म्हणायचे, देवा, हे असंच राहू दे.

पावसाआधी ते गेले. मी धुतलेले कप उपडे घातले आणि एक फक्त सुलटा ठेवला. दाराशी माझीच एक जोडी चपला. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "गेली काय गो तुजी पावणी?" मी हो म्हटलं आणि आत येऊन रेडिओ लावला, नुसता बडबडत राहायला.

मग पडद्यावरची भागीदारी सुरू झाली. लुसियाकडे सकाळ, योहानकडे दुपार, माझ्याकडे दिवेलागण. चौकोनात तोंडं. "तुमचा आवाज येत नाहीये," हे वाक्य मी चार भाषांत ऐकलं. रक्त आमच्याच देशात राहिलं, आकडे समुद्र ओलांडून गेले. ज्या आकड्यावर सुलूवैनीचं नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता, तो आकडा योहानच्या आलेखात एक ठिपका झाला. तो ठिपका दाखवताना तो फार आनंदात असायचा. मी म्हटलं, त्यातला वैनीचा कुठला? तो म्हणाला, ते कोणाचं काय हे सांगायचं आपल्या आराखड्यात नाही. अशी उत्तरं एकेकाला द्यायची तर तिन्ही देशांतल्या समित्यांकडे पुन्हा जावं लागेल.

मी म्हटलं, तू देवळात हो म्हणालास.

कशाला हो म्हणालो? त्यानं विचारलं.

मी त्याला दाजींचं गाऱ्हाणं शब्दाशब्दाचा अर्थ सांगून ऐकवलं. तो गोंधळला. म्हणाला, मला वाटलं ती प्रार्थनेच्या शेवटी म्हणतात तशी गोष्ट आहे. माणूस वाईट नव्हता, कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. लुसिया आधी खो खो हसली. मग हसायची थांबली आणि म्हणाली, योहान, आपण शब्द दिलाय, अर्थ न विचारता दिला ही आपली चूक. जाऊ या समित्यांकडे. दुसऱ्या भागीदारानं आपल्या बाजूनं उभं राहणं काय असतं, ते मला तेव्हा कळलं. पडदा बंद झाल्यावर मी खुर्चीत तशीच बसून राहिले. काचेत माझंच तोंड दिसत होतं. कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं की आज आपली बाजू राहिली. मालवणला भावाला फोन केला, तो म्हणाला, "बरा झाला. जेवलंस?"

समित्यांना पावसाळ्यामागून पावसाळे गेले. बाजाराच्या दिवशी वैनी भेटायची. "बोलला काय गो रगत?"

"नाय अजून."

"मुका आसतला," ती म्हणायची आणि हसायची. आणखी काही महिन्यांनी तिनं विचारणं सोडलं. माझ्याशी गायीचं बोलायची, पाण्याचं बोलायची. त्या न विचारण्यानं मला जेवढं टोचलं तेवढं लोकांच्या टोमण्यांनीही कधी टोचलं नाही. मी तिच्या घरावरून जाताना स्कूटर जोरात न्यायला लागले.

आणि काल लुसियाचा फोन. परवानगी आली, निकाल आले. तिनं वैनीचं सांगितलं. मग म्हणाली की आमच्या कामाची मुदतही आता संपली, हे शेवटचंच अधिकृत बोलणं, पण आपण संपर्कात राहू हं. राहू, मी म्हटलं. माणसं असं म्हणतात, आणि म्हणताना खरंच म्हणतात.

दुपार कलल्यावर शेवटी गेले. वैनी मागच्या अंगणात बसली होती, पुढ्यात बोंडवांची रास, हातांना तेल चोपडलेलं. बी पिळून टोपलीत टाकायची, बोंडू दुसरीकडे. माश्यांची भणभण, आंबूस गोड वास. मी समोरच्या दगडावर बसले. प्रस्तावना मला येत नाही.

"वैनी, रगत बोलला."

हात चालूच. "काय म्हणता?"

"तुकाय तो ताप येवन गेल्लो. बारीक. तुज्या आंगान तेका परतवन लायल्यान. म्हणान तू रवलंस. त्येच्यात दुसरा काय एक नाय."

या तापाची लस घेतली तरी रक्तात तशीच खूण राहते, पण ती तिनं कधी घेतली नव्हती, त्यामुळे शंकेला जागा नव्हती. हे मी तिला सांगितलं, आणि नशीब, देव, लोक यांतलं काही यात नाही हेही सांगितलं. तिचे हात थांबले.

"कदी इल्लो?"

"ता रगत सांगणा नाय. आदी कदीतरी, एवढाच."

तिनं हातातली बी टोपलीत टाकली. मग म्हणाली, "माका म्हायत आसा कदी. गोव्याक, इस्पितळात. मी तेंच्या खाटीखाली निजलंय आणि आंग नुसता फणफणत होता. दात वाजत होते. म्हटलंय, हयसरची थंड हवा लागली आसतली. कोणाक सांगतलंय? ते वर तसे पडलेले." तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं, जे मी दादा गेल्यापासून बघितलं नव्हतं. "म्हणजे आमी दोगांय एकदमच तापान होतंव. वर ते, खाली मी. ते एकटे नाय होते गो."

रक्त असलं काही म्हणालं नव्हतं. रक्ताला तारीख कळत नाही, खाट कळत नाही. मी शिकलेली बाई, मला हे चांगलं ठाऊक आहे. मी म्हटलं, "व्हय, वैनी. एकटे नाय होते."

ती रडली. पदरानं तोंड पुसायला गेली तर हाताला चीक, मग दंडानंच डोळे पुसले. थोड्या वेळानं पुन्हा बी पिळायला लागली आणि सहज, गायीचं विचारावं तसं विचारलं, "तुजा पण घेतल्लानी मा रगत? ता काय म्हणाला?"

माकडांना हात लावणाऱ्या सगळ्यांचंच घेतलं होतं. माझंही उत्तर कालच आलं. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी कोणाला?

"माकाय येवन गेल्लो," मी म्हटलं.

"कदी?"

मी आठवून बघितलं. एका उन्हाळ्यात बरेच दिवस अंग मोडून आलं होतं, खिडकी बंद करून पडून राहिले होते, मधे उठून स्वतःच पेज शिजवून घेतली होती. मग बरं वाटलं आणि कामाला गेले. तेच असेल. नसेलही. तेव्हा मी आजारी होते, हे सांगू शकेल असं एकही माणूस जगात नाही.

"म्हायत नाय," मी म्हटलं.

"कोण होता तेवा तुज्या वांगडा, सोबतीक?"

"कोण नाय."

माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बारीक आला. वैनीनं हातातला बोंडू खाली ठेवला. उठली, डोणीतल्या पाण्यात हात घातले, साबण लावून पुन्हा पुन्हा चोळले, तरी काळे ते काळेच राहिले. पदराला पुसत माझ्यापाशी आली, आणि तळहात माझ्या कपाळावर ठेवला. मग उलटा करून गालावर. आपल्या घरच्या माणसाचा बघतात तसा, नीट वेळ घेऊन तिनं माझा ताप बघितला.

"आता नाय," ती म्हणाली.